काल चालत होतं, आज नाही : चाचणीसाठी घेतलेली तयार लिनक्स व्हीएम पुन्हा पुन्हा का अडते

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि मुंबईतल्या छोट्या ऑफिसांचे फोन सुरू झाले. फोर्टमधलं सीएचं ऑफिस असो, लोअर परळचा छापखाना असो की दादरचा क्लास, अडचण एकच. पीसी व्यवस्थित चालतात, पण टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, किंवा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा आहे, म्हणून विंडोज ११ बसत नाही. सगळे पीसी एकदम बदलायचे म्हटलं की शेठच्या कपाळाला आठ्या. मग कुणीतरी म्हणतं, "लिनक्स बघू या का?"

चालता पीसी फॉरमॅट करून बघायची कुणाची तयारी नसते, आणि नसावीच. म्हणून ऑफिसातल्या त्यातल्या त्यात नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकतात, म्हणजे विंडोजच्या आत दुसरा खोटा पीसी (व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच व्हीएम) चालवणारा प्रोग्राम. मग नेटवरून त्या व्हीएमची तयार डिस्क (इमेज) उतरवतात, इम्पोर्ट करतात. थोड्या वेळात लिनक्सचा डेस्कटॉप समोर. शेठ माउस फिरवून बघतात, लिबरऑफिस उघडून बघतात, खूश होतात. आणि मग दोन-चार दिवसांनी तोच फोन: "काल चालत होतं, आज हँग होतंय." दुरुस्त करून द्यावं, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा. शेवटी शेरा पडतो की "लिनक्स आपल्या कामाचं नाही", आणि त्यात बिचाऱ्या लिनक्सचा बहुतेक वेळा काही संबंधच नसतो.

खाली लिहिलंय ते व्हर्च्युअलबॉक्स आणि विंडोज होस्ट (बाहेरचा खरा पीसी) धरून. आज्ञा मी फोनवर सांगतो तशाच लिहितो, म्हणजे जशा उच्चारायच्या तशा. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या.

आधी बाजू ठरवा

बिघाड दोनच ठिकाणी असू शकतो: बाहेर विंडोजच्या बाजूला, किंवा आत व्हीएममध्ये. लोक हे न ठरवताच रॅम वाढव, ग्राफिक्स बदल, नेटवर्क बदल असं करत सुटतात आणि तासाभराने मूळ बिघाड कोणता आणि आपण केलेला कोणता हेच कळेनासं होतं.

यावर उपाय पहिल्या दिवशी करून ठेवायचा असतो. इमेज इम्पोर्ट झाली, एकदा चालू झाली, लॉगिन झालं, की ती आतूनच नीट शट डाउन करा आणि बंद अवस्थेत एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, घ्या. नाव द्या, तारीख टाका. चालू मशीनचा स्नॅपशॉट घेऊ नका. त्याची कटकट पुढे घड्याळाच्या भागात येईल.

पुढे कधी व्हीएम बिघडली की त्या स्नॅपशॉटवरून एक क्लोन (वेगळी नक्कल) काढा आणि तो चालू करा. रिस्टोअर केलं तरी चालतं, पण मग आधी सध्याच्या स्थितीचाही स्नॅपशॉट घ्यायची खूण टिकवा, नाहीतर आठवड्याचं काम गेलं. स्नॅपशॉटमध्ये डिस्कबरोबर त्या वेळची रॅम, नेटवर्क, ग्राफिक्सची सेटिंग्जही जपलेली असतात. म्हणजे पहिल्या दिवशीचं मशीन जसंच्या तसं परत येतं. तेही तसंच अडकलं, तर दोष विंडोजच्या बाजूचा, लिनक्समध्ये शोधत बसू नका. ते मस्त चाललं, तर मधल्या काळात व्हीएमच्या आत किंवा तिच्या सेटिंग्जमध्ये कुणीतरी काहीतरी केलंय. पाच मिनिटांच्या या परीक्षेने निम्मं काम होतं.

खालच्या पट्टीतलं कासव

विंडोजच्या बाजूचा सगळ्यात जास्त वेळा परत येणारा बिघाड हाच, म्हणून यावर जरा सविस्तर.

व्हीएम चालू असताना खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे छोटी चित्रं असतात: डिस्क, नेटवर्क, यूएसबी वगैरे. त्यांच्या रांगेत एक चित्र प्रोसेसरचं असतं. सगळं ठीक असेल तर तिथे चिपच्या चौकोनात 'व्ही' दिसतो. तिथे हिरवं कासव दिसलं, तर तुमचा बिघाड सापडला. माउस अर्धा सेकंद मागे राहतो, मेनू उघडायला वेळ लागतो, आवाज फाटतो, आणि कधी कधी काळ्या स्क्रीनवर 'सॉफ्ट लॉकअप, सीपीयू स्टक' अशा ओळी येऊन सगळं थिजतं.

प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनसाठी वेगळी सोय असते, इंटेलमध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीमध्ये एएमडी-व्ही. ती एका वेळी एकाच मालकाच्या ताब्यात असते. व्हीएम चालवणारं विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही जागं झालं की ते ही सोय आधी ताब्यात घेतं आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतं. व्हर्च्युअलबॉक्स ६.० येईपर्यंत अशा वेळी व्हीएम चालूच होत नसे. आता चालू होते, पण रखडत. मशीनवर राइट क्लिक करून 'शो लॉग' उघडा आणि त्यात 'स्नेल' शोधा. 'स्नेल एक्झिक्युशन मोड इज अॅक्टिव्ह' अशी ओळ सापडेल. चित्रात कासव, लॉगमध्ये गोगलगाय. बनवणाऱ्यांनी निदान लपवून तरी ठेवलेलं नाही.

गंमत अशी की हायपर-व्ही कुणी मुद्दाम चालू केलेलं नसतं. कुणी डॉकर (प्रोग्राम वेगळ्या खोक्यात चालवणारं साधन) टाकलं किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकलं, की त्यासोबत ते येतं. आणि सर्वात नेहमीचं कारण म्हणजे विंडोज सिक्युरिटीतलं 'मेमरी इंटिग्रिटी'. ते बंद असलं की टास्कबारमधल्या ढालीवर पिवळी खूण येते, 'तुमचं डिव्हाइस असुरक्षित असू शकतं' अशी सूचना दिसते, आणि शेजारी चालू करायची सोय असतेच. ऑफिसात कुणीतरी ती खूण बघतं, भल्या हेतूने दाबतं, रात्री पीसी रीस्टार्ट होतो आणि सकाळी व्हीएमचं कासव झालेलं असतं. तुम्ही बंद करून जाता, आठवड्याने पुन्हा कुणीतरी दाबतं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचं मूळ हे असं.

खात्री करायला रनमध्ये 'एमएसइन्फो३२' टाका. उघडलेल्या यादीत 'व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी'समोर 'रनिंग' असेल, तर सोय विंडोजच्या ताब्यात आहे.

सोडवायचं कसं? 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये जाऊन हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म आणि सँडबॉक्स यांच्या खुणा काढा. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, तिथे मेमरी इंटिग्रिटी बंद. एवढ्याने भागलं नाही, तर अॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर 'बीसीडीएडिट, जागा, स्लॅश सेट, जागा, हायपरव्हायझरलाँचटाइप, जागा, ऑफ'. शेवटी पीसी रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करू नका. फास्ट स्टार्टअप चालू असलं तर शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि तुम्ही 'बदल लागू होत नाहीत' म्हणून डोकं धरून बसता.

पण हे करण्याआधी मशीन कुणाचं आहे ते बघा. मेमरी इंटिग्रिटी ही खरीखुरी सुरक्षा आहे. ज्या लॅपटॉपवर ऑफिसची नेटबँकिंग होते, अशिलांची रिटर्न्स भरली जातात, त्यावर लिनक्स बघण्याच्या हौसेपायी ती काढून ठेवणं मला पटत नाही. कंपनीच्या आयटीने ती सक्तीची केली असेल, तर प्रश्नच मिटला. अशा ठिकाणी दोन पर्याय आहेत: विंडोज प्रो असेल तर व्हर्च्युअलबॉक्स सोडून हायपर-व्हीमध्येच व्हीएम बनवा, किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो वापरा. ते नोव्हेंबर २०२४पासून व्यावसायिक वापरालाही मोफत आहे आणि हायपर-व्हीसोबत त्याचं बऱ्यापैकी जमतं.

चित्र कासवाचं नाही, पण व्हीएम मुळातच चालू होत नाही आणि यादीत फक्त ३२ बिटच्या सिस्टिम दिसतात, असं असेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद असू शकते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात सीपीयू. तिथे खाली 'व्हर्च्युअलायझेशन' एनेबल्ड आहे की डिसेबल्ड ते लिहिलेलं असतं. एएमडीच्या बोर्डवर बायोसमध्ये ते 'एसव्हीएम मोड' या नावाने सापडतं. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कुठे आहे ते शोधून ठेवा.

रॅमचं थोडक्यात. उबुंटूच्या डेस्कटॉपला आत ४ जीबी हवी. होस्टमध्ये एकूण ८ असतील तर ४ द्या आणि क्रोमचे टॅब आवरा. होस्टमध्येच ४ असतील तर व्हीएमचा नाद सोडा, नाहीतर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जा आणि रॅमची पट्टी घेऊन या. सरकारदरबारी तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण रॅम घ्यायला निघालेला माणूस लॅमिंग्टन रोडच म्हणतो.

इमेजमध्ये बनवणाऱ्याचं मशीन उरलेलं असतं

तयार इमेज म्हणजे कुणीतरी आपल्या मशीनवर लिनक्स बसवून गुंडाळून दिलेली डिस्क. बरोबर त्या माणसाच्या मशीनच्या सवयीही येतात.

इम्पोर्ट झाल्यावर पहिल्याच स्टार्टला 'नॉनएक्झिस्टंट होस्ट नेटवर्किंग इंटरफेस' असं काही आलं, तर बनवणाऱ्याने ब्रिज्ड नेटवर्क (व्हीएम थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडलेली) ठेवलं होतं आणि त्याच्या नेटवर्क कार्डाचं नाव तुमच्याकडे नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन एनएटी (व्हीएम विंडोजच्या आडून नेट वापरते) करा, संपलं. 'यूएसबी २.० कंट्रोलर सापडत नाही' असं आलं, तर तुमचं व्हर्च्युअलबॉक्स जुनं आहे. ७.० पासून यूएसबी २ आणि ३ मूळ पॅकेजातच आहे. लोक यावर एक्स्टेन्शन पॅक टाकायला सांगतात. त्याचा परवाना वेगळा आहे आणि ऑफिसच्या रोजच्या वापराला तो मोफत नाही, तेव्हा तो टाकण्यापेक्षा व्हर्च्युअलबॉक्स नवं करा.

ओव्हीए फाइल (डिस्क आणि सेटिंग्ज एकत्र बांधलेली) न देता नुसती व्हीडीआय किंवा व्हीएमडीके डिस्क दिली असेल, तर मशीन तुम्हालाच बनवायचं असतं आणि तिथे 'नो बूटेबल मीडियम' हा संदेश ठरलेला. डिस्क यूईएफआय (किंवा ईएफआय) या नव्या बूट पद्धतीवर बनवलेली असते आणि तुमच्या मशीनमध्ये ईएफआयची खूण नसते, किंवा उलट. सेटिंग्जमध्ये सिस्टिममध्ये जाऊन ती खूण उलटी करून बघा. केव्हीएम या लिनक्सच्या व्हीएम-प्रणालीसाठी बनवलेली डिस्क उचलून आणली असेल तर आत ती 'व्हीडीए' नावाने नोंदलेली असू शकते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तीच डिस्क 'एसडीए' होते आणि लिनक्स इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. हौस असेल तर एफएसटॅब ही आतली डिस्कांची यादी दुरुस्त करा. मी तरी अशा वेळी दुसरी इमेज घेतो.

व्हीएम काढून टाकून पुन्हा डिस्क जोडताना 'या यूयूआयडीची हार्ड डिस्क आधीच आहे' असं येतं. यूयूआयडी म्हणजे डिस्कचा ओळखक्रमांक. व्हीएम काढताना फाइल्स तशाच ठेवल्या होत्या, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या वहीत जुनी नोंद अजून शिल्लक आहे. व्हर्च्युअल मीडिया मॅनेजर उघडा, पिवळ्या खुणेची जुनी नोंद रिमूव्ह करा.

एकच ओव्हीए ऑफिसात तिघांनी इम्पोर्ट केली आणि तिघांनाही ब्रिज्ड नेटवर्क हवं असेल, तर इम्पोर्टच्या वेळी 'सगळ्या नेटवर्क अॅडॉप्टरना नवे मॅक अॅड्रेस द्या' (म्हणजे कार्डांना नवे ओळखक्रमांक) हा पर्याय निवडा. नाहीतर एकाचं नेट चालू झालं की दुसऱ्याचं जातं आणि तिघं मिळून राउटरला शिव्या घालतात.

फाइलच अर्धवट असण्याचा प्रकारही कमी नाही. लोकलमध्ये हॉटस्पॉटवर डाउनलोड लावलेलं असतं, मध्येच रेंज जाते, ब्राउझर 'पूर्ण' म्हणतो. इमेजच्या पानावर एसएचए२५६ची लांबलचक संख्या दिलेली असते. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल, जागा, हायफन हॅशफाइल, जागा, फाइलचं नाव, जागा, एसएचए२५६' दिलं की तुमच्याकडच्या फाइलची संख्या मिळते. दोन्ही तंतोतंत जुळली पाहिजेत. आणि पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जाणारच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

मॅकवाल्यांसाठी एकच वाक्य: एम१ किंवा त्यापुढच्या मॅकवर इंटेलसाठी बनवलेली इमेज चालत नाही, एआरएम६४ची शोधा.

इमेज कुठून घेता हेही बघा. मिंट हे लिनक्स वितरण आयएसओच (इन्स्टॉल करायची फाइल) देतं, तयार व्हीएम देत नाही. ओएसबॉक्सेससारख्या साइटवर तयार डिस्क मिळतात, पण त्या मूळ वितरकाच्या नाहीत. बघायला ठीक, पण त्यात अशिलाची फाइल किंवा बँकेचा पासवर्ड टाकू नका. काली लिनक्सची अधिकृत तयार इमेज मिळते, आणि 'तयार मिळतेय' एवढ्याच कारणाने लोक ती हिशेबाच्या ऑफिससाठी घेतात. काली सुरक्षा-तपासणीच्या कामाचं आहे, टायपिस्टसमोर ठेवायचं नाही.

पासवर्ड बरोबर, तरी आत घेत नाही

ओएसबॉक्सेसच्या इमेजचा युजर 'ओएसबॉक्सेस' आणि पासवर्ड 'ओएसबॉक्सेस डॉट ओआरजी'. कालीत दोन्हीकडे 'काली'. जुन्या लेखांत दिलेलं 'रूट' आणि 'टूर' २०२०च्या पहिल्या आवृत्तीपासून गेलं.

हे बरोबर टाकूनही नकार आला तर कीबोर्डवर संशय घ्या. आपल्याकडचे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे. इमेज ब्रिटिश मांडणीवर बनवली असेल तर शिफ्ट दाबून २ दाबल्यावर अॅटऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं. पासवर्डच्या खान्यात नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे कळत नाही. शेजारच्या डोळ्याच्या चित्रावर क्लिक करून काय उमटतंय ते बघा, किंवा युजरनेमच्या खान्यात एकदा टाइप करून बघा. उजवीकडच्या नंबर पॅडवरून आकडे टाकायची सवय असेल तर आत नम लॉक चालू आहे का तेही पाहा. बाहेरचा दिवा लागलेला असून आत बंद, असं होतं.

पासवर्ड घेतो, क्षणभर काळं होतं आणि पुन्हा लॉगिनचीच स्क्रीन येते, हा वेगळा आजार. बहुतेक वेळा आतली डिस्क भरलेली असते. राइट कंट्रोल आणि एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर जा, लॉगिन करा, 'डीएफ, जागा, हायफन एच' द्या. मुळाच्या (नुसत्या स्लॅशच्या) ओळीसमोर १०० टक्के दिसलं की 'सुडो अॅप्ट क्लीन' करून थोडी जागा काढा, मग आत जाऊन डाउनलोड्स उपसा.

अपडेटनंतर स्क्रीन पुन्हा लहान

आतल्या बाजूची नेहमीची तक्रार ही. पहिल्या दिवशी फुल स्क्रीन, कॉपी-पेस्ट, शेअर्ड फोल्डर सगळं चालतं. मग लिनक्स 'अपडेट आहेत' म्हणतं, माणूस हो म्हणतो, रीस्टार्टनंतर मधोमध लहानसा डेस्कटॉप, कॉपी-पेस्ट बंद, फोल्डर गायब.

हे सगळं आतून चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या गेस्ट अॅडिशन्सचे काही भाग ठरावीक कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) बांधलेले असतात. अपडेटमध्ये कर्नल बदलला आणि नव्या कर्नलचे हेडर्स (ते भाग बांधायला लागणाऱ्या फाइल्स) नसले, तर ते पुन्हा बांधले जात नाहीत. 'सुडो अॅप्ट इन्स्टॉल'पुढे 'बिल्ड-इसेन्शियल' आणि 'डीकेएमएस' द्या, चालू कर्नलचे 'लिनक्स-हेडर्स' टाका, मग व्हीएमच्या खिडकीत डिव्हायसेस मेनूतून गेस्ट अॅडिशन्सची सीडी घालून ती पुन्हा चालवा. एकदा डीकेएमएस बसलं आणि प्रत्येक नव्या कर्नलसोबत त्याचे हेडर्सही येत राहिले, की पुढच्या कर्नलला ते भाग आपोआप बांधले जातात आणि हा फोन येणं थांबतं. उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातही हेच पॅकेज 'व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-एक्स११' म्हणून मिळतं. सीडी किंवा भांडार, एकच काय ते निवडा. दोन्ही टाकली की एकमेकांच्या फाइल्सवर बसतात. शेठ समोर बसलेत आणि वेळ नाही, तर रीस्टार्ट करताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबच्या (बूटच्या) मेनूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा, वेळ मारून न्या.

ग्राफिक्स कंट्रोलर लिनक्ससाठी व्हीएमएसव्हीजीए ठेवा, व्हिडिओ मेमरी १२८ एमबी. लॉगिननंतर नुसती काळी स्क्रीन येत असेल तर ३डी अॅक्सिलरेशनची खूण काढून बघा. कॉपी-पेस्ट तेवढंच अडत असेल आणि लॉगिनच्या स्क्रीनवर दातेरी चाकात एक्सऑर्गचं (जुन्या डिस्प्ले पद्धतीचं) सेशन मिळत असेल, तर त्यातून आत जा. वेलँड या नव्या डिस्प्ले पद्धतीवर क्लिपबोर्ड अजून रुसतो. शेअर्ड फोल्डर दिसतो पण 'परवानगी नाही' म्हणतो, तेव्हा तुमचा युजर 'व्हीबॉक्सएसएफ' गटात नाही. गटात घाला आणि एकदा लॉगआउट करा. ते केल्याशिवाय गट लागू होत नाही.

इमेज काही महिने जुनी असली की पहिल्यांदा चालू करताच उबुंटू मागच्या मागे अपडेट ओढायला लागतं. त्या वेळी काही टाकायला गेलात तर 'लॉक मिळत नाही' असं येतं. लॉकची फाइल उडवा असा सल्ला जागोजागी दिलेला असतो. ऐकू नका, चहा पिऊन या.

ऑफिसात नेट आहे, घरी बोरिवलीला नाही

लॅपटॉप ऑफिसात केबलवर असताना व्हीएम ब्रिज्ड केलेली असते, ती इथरनेटच्या कार्डाला बांधलेली. घरी वायफाय असतं, इथरनेटला तार नाही, म्हणून आत नेट नाही. सकाळी ऑफिसात पुन्हा सगळं चालू, म्हणून घरी सांगितलेलं कुणी खरं मानत नाही. एनएटी ठेवा. आत १०.०.२.१५ असा पत्ता मिळाला की एनएटी नीट लागलंय. ब्रिज्ड तेव्हाच, जेव्हा ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनला तुमच्या व्हीएमपर्यंत पोचायचं असेल.

एनएटी असूनही व्हीएम 'सेव्ह' करून लॅपटॉप घरी आणला, तर कधी कधी पत्ता आहे पण एकही साइट उघडत नाही असं होतं. आत अजून ऑफिसचा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) असतो. खालच्या पट्टीतल्या नेटवर्कच्या चित्रावर राइट क्लिक करून केबल काढा, पुन्हा जोडा.

आणि "लिनक्समध्ये वायफायच दिसत नाही" ही तक्रार. दिसणार नाहीच. व्हीएमला तुमचं वायफाय कार्ड दिसत नाही, तिला एक खोटं तारेचं कार्ड दिसतं. नेट चालू असेल तर सगळं ठीक आहे.

घड्याळाचं असं. वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसत असेल तर इमेजचा टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) आहे. सेटिंग्जमध्ये कोलकाता निवडा, बाकी काही नाही. साडेपाच तास पुढे दिसत असेल तर व्हीएमच्या सिस्टिम सेटिंगमधली 'हार्डवेअर क्लॉक यूटीसीमध्ये' ही खूण लावायची राहिलीय. आणि तारीखच काही दिवस जुनी असेल, तर चालू मशीनचा स्नॅपशॉट कुणीतरी परत आणलाय: आतलं लिनक्स त्या क्षणापासून पुढे मोजतंय. मग अपडेट 'रिलीज फाइल अजून वैध नाही' म्हणतं आणि ब्राउझर साइटच्या सर्टिफिकेटवर शंका घेतो. एकदा रीस्टार्ट केलं की घड्याळ ताळ्यावर येतं.

सी ड्राइव्ह भरला

व्हीएमची डिस्क लागेल तशी फुगते, आत फाइल पुसली म्हणून आपणहून आकसत नाही. त्यात स्नॅपशॉट. होस्टचा सी ड्राइव्ह भरला की व्हर्च्युअलबॉक्स व्हीएमला जागच्या जागी थांबवतं, आणि तो संदेश खिडकीमागे राहिला तर माणूस म्हणतो हँग झालं. नवं मशीन मुळातच सी ड्राइव्हवर युजरच्या फोल्डरमध्ये बनतं. प्रेफरन्सेसमध्ये 'डिफॉल्ट मशीन फोल्डर' डी ड्राइव्हवर न्या. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्ह ज्याची नक्कल वर चढवतं अशा फोल्डरमध्ये तर चुकूनही ठेवू नका. काही जीबींची फाइल क्षणोक्षणी बदलते आणि सिंकवाला तिच्या मागे धावत राहतो.

व्हीएममध्ये काय तपासायचं, काय नाही

मराठी आधी तपासा, कारण निर्णय बहुधा तिथेच होतो. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नाही; नोटो किंवा लोहित टाका. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनपुट सोर्स म्हणून मराठी इनस्क्रिप्ट घ्या आणि ऑफिसातल्या टायपिस्टला बसवा, आपण स्वतः टाइप करून बघू नका. 'दुसऱ्या'तला ऱ्य आणि 'क्लृप्ती' नीट उमटतात का पाहा. जुन्या फाइल कृतिदेव किंवा श्री-लिपीत असतील तर त्या उघडल्यावर अगम्य काहीतरी दिसेल. तो फॉन्ट नसला की विंडोजवरही तेच दिसतं. त्या फाइल युनिकोडमध्ये आणणं हे वेगळं काम आहे आणि ते कधीतरी करावंच लागणार आहे.

टॅली विंडोजसाठी येतं. ते वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनावर) चालवून दाखवणारे भेटतात, पण मार्च अखेरीला त्या भरवशावर बसणारं सीएचं ऑफिस मी अजून पाहिलं नाही. हिशेबाचा एक पीसी विंडोजवर ठेवा, पत्रव्यवहार आणि ब्राउझरवाले पीसी लिनक्सवर न्या, असं मी सांगतो. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन व्हीएमला दिलं की ते विंडोजमधून नाहीसं होतं, एका वेळी एकालाच मिळतं. कुणी "टोकन बिघडलं" म्हणून ओरडायच्या आत डिव्हायसेस मेनूत यूएसबीखाली खूण कुणाकडे आहे ते बघा. टोकन बनवणाऱ्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का ते आधीच विचारून ठेवा.

ज्यांना मेनू कुठे, फाइल कुठे इथपासून दाखवायला हवं, त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. लिनक्स आणि लिबरऑफिसचे बरेच धडे मराठीतही ऐकायला मिळतात, आणि ते व्हीएमच्या शेजारी खिडकीत लावून करता येतात.

वेग, बॅटरी, स्लीप, वायफाय, टचपॅड, ग्राफिक्स यांवर मात्र व्हीएम बघून मत देऊ नका. तिला तुमचं हार्डवेअर दिसतच नाही. आणि ज्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकायचंय तो वेगळाच, व्हीएम चालतेय नव्या लॅपटॉपवर. म्हणून मराठी, लिबरऑफिस, ब्राउझर आणि लोकांची सवय एवढं व्हीएममध्ये पटलं, की त्याच वितरणाची आयएसओ पेनड्राइव्हवर घ्या, ऑफिसातला सगळ्यात जुना पीसी त्यावरून लाइव्ह, म्हणजे काही इन्स्टॉल न करता, सुरू करा, आणि प्रिंटरला एक पान पाठवून बघा.